दर्यावरचा रोग, वाडीतले औषध

वसईच्या किल्ल्याला लागून, खाडी जिथे समुद्राला मिळते त्या टोकापाशी पाचूबंदर वसले आहे. या गावाचा अवघा संसार दर्यावर चालतो. बोटी कित्येक दिवस खोल समुद्रात राहतात आणि परत केव्हा फिरायचे हे बोटीतला बर्फ व टाकीतले डिझेल ठरवते. बर्फ संपत आला की बोट किनाऱ्याकडे वळते आणि दर्यावर गेलेला माणूस पुन्हा घरच्या ताटावर बसतो. त्या ताटात हिरवी मिरची असते, कोथिंबीर असते, वाडीवरून आलेली ताजी भाजी असते. यात विशेष ते काय, असे कोणीही म्हणेल. परंतु चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी याच अरबी समुद्रातून जी परदेशी जहाजे ये-जा करीत, त्यांवरील माणसांच्या नशिबी हे साधे ताट महिनोन् महिने नसे, आणि केवळ तेवढ्या कारणाने ती माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत.

त्या रोगाचे नाव स्कर्व्ही. त्याचे कारण 'क' जीवनसत्त्वाचा अभाव. आज हेच जीवनसत्त्व संत्र्याच्या चवीच्या गोळ्यांच्या रूपाने घरोघरच्या कपाटात येऊन बसले आहे. सर्दी झाली, अशक्तपणा वाटला, परीक्षा जवळ आली की गोळी चघळली जाते. "फादर, या गोळ्या रोज घेतलेल्या बऱ्या का?" असे आम्हांला घरभेटीच्या वेळी अनेकदा विचारले जाते. आम्ही वैद्य नाही. औषधाची मात्रा सांगणे हा आमचा अधिकार नव्हे. मात्र या जीवनसत्त्वाचा इतिहास आपल्या किनाऱ्याशी इतका निगडित आहे की तो नीट वाचला तर या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यातच सापडते. म्हणून हा लेखनप्रपंच.

गोव्याची वाट

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, येथे पोर्तुगीज सत्ता नांदली. लिस्बनहून निघालेली मोठी जहाजे सहसा गोव्याला नांगर टाकीत आणि तेथून लहान गलबतांनी अधिकारी, सैनिक, व्यापारी व धर्मगुरू उत्तरेकडील प्रांताच्या या मुख्य ठाण्यास येत. किल्ल्यातील चर्चांचे आणि मठांचे जे भग्न अवशेष आज आपण पाहतो, त्यांत वावरलेला युरोपातून आलेला प्रत्येक मनुष्य एका भयंकर प्रवासातून वाचून आलेला होता. त्याच्याबरोबर निघालेले कित्येक जण वाटेतच समुद्राच्या स्वाधीन झालेले असत.

या प्रवासाचा आरंभच त्या रोगाने झाला. १४९७ मध्ये निघालेल्या वास्को द गामाच्या खलाशांना १४९८ च्या जानेवारीत, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, प्रथम या रोगाने गाठले. हातपाय सुजले आणि हिरड्या दातांवर अशा चढल्या की घास चावता येईना. एप्रिलमध्ये जहाजे मोंबासाला लागली. तेथे संत्री व लिंबे मिळाली आणि आजारी माणसे बरी झाली. या सफरीची रोजनिशी लिहिणाऱ्याने त्याचे श्रेय दिले ते तेथील चांगल्या हवेला! औषध पोटात गेले होते आणि उपकार मानले गेले हवेचे. पुढच्या साडेचारशे वर्षांची कथा या एका प्रसंगात सामावलेली आहे असे म्हटले तरी चालेल.

खरी परीक्षा परतीच्या वाटेवर झाली. येताना मोसमी वाऱ्याने मालिंदीहून कालिकतपर्यंत त्यांना अवघ्या तेवीस दिवसांत आणून सोडले होते. वारा ओळखणाऱ्या आपल्या कोळी बांधवांना हे निराळे समजावून सांगायला नको. परतताना मात्र त्यांनी वाऱ्याची वाट पाहिली नाही. कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ५ ऑक्टोबर १४९८ रोजी ते निघाले, आणि उलट वारे व वारा पडलेले दिवस यांच्याशी झगडत आफ्रिकेचा किनारा दिसायला जवळजवळ तीन महिने लागले. तेवढ्या अवधीत सुमारे तीस माणसे दगावली. एकेका जहाजावर काम करण्याजोगे सात-आठच गडी उरले. १४९९ च्या जानेवारीत मालिंदीला पोहोचताच गामाने आजाऱ्यांसाठी संत्री मागवली. म्हणजे अनुभवाने काहीतरी उमगले होते. परंतु कित्येकांच्या बाबतीत उशीर झाला होता. पुढे हात अपुरे पडले म्हणून तीनपैकी 'सांव राफाएल' हे जहाज त्यांना जाळून टाकावे लागले.

मनुष्याच्या शरीरात या जीवनसत्त्वाचा साठा फार मोठा नसतो. ते मिळणे पूर्णपणे बंद झाले तर एक ते तीन महिन्यांत रोगाची लक्षणे दिसू लागतात. लिस्बन ते गोवा हा प्रवास सर्व काही सुरळीत झाले तरी सहा महिन्यांचा होता आणि जहाजावरचे अन्न म्हणजे कडक बिस्किटे, खारवलेले मांस व वाळवलेले मासे. या तिन्हींत 'क' जीवनसत्त्व नाही म्हटले तरी चालेल. म्हणजे रोगाचा दिवस जणू पंचांगात आधीच लिहून ठेवलेला असे.

संत फ्रान्सिस झेवियर याच वाटेने आले. ७ एप्रिल १५४१ रोजी 'सांतियागो' जहाजातून त्यांनी लिस्बन सोडले. मोझांबिकमध्ये अनेक महिने मुक्काम पडला आणि ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला उतरले. तेरा महिन्यांच्या त्या प्रवासात त्यांचा बराचसा काळ आजाऱ्यांची शुश्रूषा करण्यात गेला. गोव्यात उतरल्यावर त्यांनी आपला मुक्काम इस्पितळातच केला. पुढे त्यांचे पाय आपल्या वसईलाही लागले. त्यांच्या सेवेची थोरवी आम्ही सर्व जण जाणतो. परंतु इतिहासाचा एक कठोर धडाही येथे आहे. अपार माया, जागरणे आणि प्रार्थना हाताशी असताना त्या रुग्णांना हवे होते ते एक मूठभर ताजे फळ, आणि हे निश्चितपणे जाणणारा जहाजावर कोणीही नव्हता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्याचे राजेशाही इस्पितळ येशूसंघाच्या व्यवस्थेखाली आले आणि त्याच्या स्वच्छतेची कीर्ती युरोपभर पसरली. तेथे पोहोचलेले रुग्ण ताज्या अन्नाने सावरत. पोहोचणे हेच कठीण होते.

जहाजातून उतरलेले औषध

आता या कथेतील सर्वांत नवलाची गोष्ट. ज्या पोर्तुगीज जहाजांवर माणसे या रोगाने मरत होती, त्याच जहाजांनी अमेरिका खंडातून आपल्या किनाऱ्यावर मिरची आणली, पेरू आणला, काजू आणला, पपई आणि अननसही आणले. यांपैकी पेरूत शंभर ग्रॅममागे दोनशे मिलिग्रॅमहून अधिक 'क' जीवनसत्त्व असते, म्हणजे संत्र्याच्या कितीतरी पट. ताजी हिरवी मिरची आणि काजूचे बोंड हेही त्याच पंक्तीत बसणारे. कोणी औषध म्हणून ती आणली नव्हती. रोप रुजले, लोकांना चव आवडली आणि दोन-तीन पिढ्यांत ती आपलीच होऊन गेली. आज मिरचीवाचून कोळणीचे कालवण आणि पेरूवाचून शाळेबाहेरची टोपली आपल्याला कल्पिताही येत नाही.

आपल्या भूमीचे स्वतःचे औषध तर त्याहून जुने होते. आवळ्याला आयुर्वेदाने रसायनात अग्रस्थान दिले. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने हिरड्याच्या वर्गात आवळ्याचीही नोंद केली आहे. हे ओर्ता वसईहून फार दूर नव्हते. त्या काळी मुंबई बेट त्यांच्याकडे खंडाने होते आणि तेथील आंब्यांचे कौतुकही त्यांनी लिहून ठेवले आहे. असा जिज्ञासू वैद्य, असा आवळा आणि असा रोग एकाच किनाऱ्यावर असूनही त्यांची नीट गाठ पडली नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आंबट तेवढे 'क' जीवनसत्त्वाने भरलेले, अशी आपल्याकडे समजूत आहे. चिंच आंबट खरी, पण तिच्यात हे जीवनसत्त्व नाममात्र. शिरका तर निव्वळ आम्ल. उलट पिकलेला गोड पेरू त्याने संपन्न. आंबटपणा हीच औषधाची खूण मानल्यामुळे पुढे हजारो खलाशी प्राणांस मुकले.

सापडले, हरवले, पुन्हा सापडले

१६०१ साली इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची पहिली सफर निघाली. चार जहाजांपैकी 'रेड ड्रॅगन' या आपल्या जहाजावर कप्तान जेम्स लँकेस्टरने लिंबाचा रस बाटल्यांत भरून घेतला होता आणि तो खलाशांना रोज सकाळी तीन चमचे देत असे. उरलेल्या तीन जहाजांवर माणसे रोगाने लोळत पडली असता या जहाजावरची धडधाकट राहिली. पुरावा इतका स्पष्ट असतानाही पुढे जवळजवळ दोन शतके तो नियम झाला नाही.

१७४७ च्या मे महिन्यात इंग्रज आरमारातील 'सॅलिसबरी' जहाजावरचा शल्यवैद्य जेम्स लिंड याने बारा रुग्ण निवडले, सर्वांना सारखेच जेवण दिले आणि दोन-दोनांच्या सहा जोड्या केल्या. कोणाला सफरचंदाची मदिरा, कोणाला गंधकाम्लाचे थेंब, कोणाला शिरका, कोणाला समुद्राचे पाणी, कोणाला लसूण-मोहरी वगैरेंचा लेह, आणि एका जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू. सहा दिवसांत फळे संपली, परंतु तेवढ्यात त्या जोडीतील एक जण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला होता. उपचारांची अशी शिस्तशीर तुलना ही वैद्यकाच्या इतिहासातील एक थोर घटना मानली जाते. लिंडने आपला ग्रंथ १७५३ मध्ये प्रसिद्ध केला आणि आरमाराने लिंबाचा रस सर्वांना देण्याचे ठरवले ते १७९५ मध्ये. मधली बेचाळीस वर्षे खलाशी मरतच होते.

इतकेही करून ज्ञान टिकले नाही. एकोणिसाव्या शतकात ईडलिंबाच्या जातीच्या भूमध्यसागरी लिंबाऐवजी वेस्ट इंडीजमधले लहान, अधिक आंबट लिंबू वापरात आले. ते स्वस्त होते आणि आंबटही होते, पण त्याच्या साठवलेल्या रसात जीवनसत्त्व फारच थोडे उरे. आगबोटींमुळे प्रवास लहान झाले होते, म्हणून ही चूक कोणाच्या लक्षात आली नाही. १८७५ मध्ये उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या इंग्रज तुकडीला रस असूनही स्कर्व्ही झाली, तेव्हा वैद्यांनी रस तपासण्याऐवजी लिंबावरचाच विश्वास सोडला आणि रोगाचे खापर खराब मांसावर फोडले.

कुतच्या वेढ्यातले मराठे

या अज्ञानाची किंमत आपल्या मराठी मुलखानेही मोजली आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढायला गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत हे सैन्य कुत येथे तुर्कांच्या वेढ्यात अडकले. रसद संपत आली तेव्हा घोडे कापले जाऊ लागले. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्ले. हिंदी शिपायांनी धर्माच्या व समाजाच्या भीतीने बराच काळ ते नाकारले. परिणाम असा झाला की गोऱ्यांना पांढऱ्या पिठाच्या पावामुळे बेरीबेरी झाला आणि हिंदी शिपायांना स्कर्व्ही. ताज्या मांसातले थोडेसे 'क' जीवनसत्त्वही त्यांना मिळाले नाही. वेढ्यात सापडलेल्यांनी हिरव्या पाल्यासाठी रानगवतही उपटून खाल्ले.

इंग्लंडमध्ये लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्री-शास्त्रज्ञ या रोगावर संशोधन करीत होत्या. पुरुष संशोधक युद्धावर गेल्याने प्रयोगशाळा त्यांच्याच खांद्यावर होती. त्यांनी दोन गोष्टी सिद्ध केल्या. पहिली, लष्कराला पुरवला जाणारा लहान लिंबाचा रस जवळजवळ निरुपयोगी आहे. दुसरी, कोरड्या डाळी-कडधान्यांत हे जीवनसत्त्व नसते, पण त्यांना भिजवून मोड आणले की ते निर्माण होते. वाचकहो, मोड आलेले मूग आणि वालाचे बिरडे ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या शिजत आले, त्या घरांतील मुलगे परमुलखात कोरडी डाळ खाऊन या रोगाने खंगले, आणि त्यावरचा उपाय लंडनच्या प्रयोगशाळेतून सांगितला गेला. आईच्या हाताला जे सवयीने ठाऊक होते ते सैन्याच्या शिधापत्रकात नव्हते.

पुढे १९४० च्या सुमारास पंजाबातील हिस्सार भागात दुष्काळ पडला. तेथे हिरवे काही उरले नाही आणि स्कर्व्ही पसरली. त्या वेळी रुग्णांना आवळा देण्यात आला आणि ते बरे झाले. आवळा वाळवला तरी त्यातले जीवनसत्त्व इतर फळांच्या मानाने बरे टिकते, हे त्या प्रसंगी उपयोगी पडले.

नाव नसलेले द्रव्य

१९०७ मध्ये नॉर्वेतील होल्स्ट व फ्रॉलिख यांना योगायोगाने कळले की केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनिपिगांना स्कर्व्ही होते. बहुतेक प्राणी हे द्रव्य आपल्या शरीरातच तयार करतात. आपल्या दारातली शेळी ते रोज करते. माणूस, माकड आणि गिनिपिग यांना मात्र ही देणगी नाही. ते द्रव्य नसेल तर त्वचा, हिरड्या व रक्तवाहिन्या यांना सांधून धरणारा तंतू नीट बनत नाही. जुन्या जखमासुद्धा उकलू लागतात. स्कर्व्ही म्हणजे शरीराची शिवणच उसवणे.

हंगेरीचे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ मध्ये केंब्रिज येथे हे द्रव्य प्रथम वेगळे केले, परंतु आपल्या हाती काय लागले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी त्याला गमतीने 'अज्ञात शर्करा' अशा अर्थाचे नाव सुचवले. संपादकाला ते रुचले नाही, तेव्हा त्यांनी 'देव जाणे' या अर्थाचे दुसरे नाव सुचवले. तेही अर्थात नाकारले गेले! पुढे सेगेड या गावी असताना हे द्रव्य मोठ्या प्रमाणात मिळवायचे कसे हा पेच पडला. त्यांनीच सांगितलेल्या आठवणीप्रमाणे एके रात्री पत्नीने त्यांच्या पुढ्यात लाल मिरची वाढली, ती खाण्याची इच्छा नव्हती, आणि हिची परीक्षा आपण कधी केलीच नाही असे मनात येऊन ते ती घेऊन प्रयोगशाळेत गेले. ती मिरची या द्रव्याने भरलेली निघाली. काही आठवड्यांत त्यांनी ते किलोंच्या मापात काढले. १९३७ साली त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी या द्रव्याची रचना उलगडणाऱ्या इंग्लंडच्या हॉवर्थ यांना रसायनशास्त्राच्या पारितोषिकात वाटा मिळाला.

हंगेरीची ती मिरची आणि पोर्तुगिजांनी आपल्या किनाऱ्यावर उतरवलेली मिरची ही एकाच अमेरिकन घराण्यातली. खलाशांचे औषध खलाशांच्याच जहाजातून आले होते. ते ओळखायला जगाला चार शतके लागली.

बाटलीचा जन्म

१९३३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन यांनी हे जीवनसत्त्व साखरेपासून कृत्रिमरीत्या बनवण्याची रीत शोधली आणि १९३४ मध्ये बाझेलच्या रोश कंपनीने ते 'रेडॉक्सन' नावाने बाजारात आणले. गोळीतले द्रव्य आणि पेरूतले द्रव्य रासायनिकदृष्ट्या एकच आहे. ज्याला अभाव आहे त्याला गोळी तितकाच गुण देते. हा त्या शोधाचा मोठेपणा, आणि तो मान्य केलाच पाहिजे. आज स्कर्व्हीचा रुग्ण दवाखान्यात आला तर थोड्या दिवसांत, थोड्या पैशांत तो बरा होतो. वास्को द गामाच्या खलाशांना हे स्वप्नवत वाटले असते.

प्रश्न आहे तो अभाव नसलेल्यांचा. रोग टाळायला किती मात्रा पुरते याचा शोध १९४४ ते १९४६ या काळात इंग्लंडमधील शेफील्ड येथे घेतला गेला. सद्सद्विवेकाच्या आज्ञेने शस्त्र हाती धरण्यास नकार देणाऱ्या वीस तरुणांनी स्वेच्छेने आपली शरीरे या प्रयोगासाठी दिली. ज्यांना जीवनसत्त्व मुळीच दिले नाही त्यांना स्कर्व्ही झाली. ज्यांना रोज केवळ १० मिलिग्रॅम दिले ते त्यापासून वाचले. अर्थात शरीरात पुरेसा साठा राहावा म्हणून शिफारस याहून अधिक असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ती प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला ८० आणि स्त्रियांसाठी ६५ मिलिग्रॅम ठरवली. एक मध्यम पेरू ही गरज भागवून वर उरतो. आपण चघळतो ती गोळी बहुधा ५०० मिलिग्रॅमची असते.

मोठ्या मात्रेची मोहिनी जगावर घातली ती अमेरिकेच्या लायनस पॉलिंग यांनी. रसायनशास्त्र आणि शांतता अशी दोन नोबेल पारितोषिके मिळवलेला हा खराखुरा थोर मनुष्य. १९७० मध्ये त्यांनी सर्दीवर 'क' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले आणि दुकानांतल्या बाटल्या रिकाम्या होऊ लागल्या. परंतु मोठ्या माणसाचे मत म्हणजे पुरावा नव्हे, हे लिंडच्या बारा खलाशांनी आधीच शिकवले होते. २०१३ साली हेमिला व चॉकर यांनी एकोणतीस चाचण्यांतील अकरा हजारांहून अधिक माणसांचा आढावा घेतला. रोज गोळी घेतल्याने सर्वसामान्य माणसांची सर्दी टळत नाही असे दिसले. सर्दी झालीच तर तिचा मुक्काम मोठ्यांत सुमारे ८ टक्क्यांनी आणि मुलांत सुमारे १४ टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे आठवड्याच्या दुखण्यात फार तर एखादा दिवस. सर्दी झाल्यावर गोळी सुरू केली तर तेवढाही भरवसा नाही. मॅरेथॉनचे धावपटू, बर्फात कवायत करणारे सैनिक अशा अतिश्रमाच्या माणसांत मात्र सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आले. या अपवादाकडे दुर्लक्ष करू नये, पण आपल्यापैकी बहुतेकांचा दिवस तसा नसतो हेही खरे.

२०२० च्या महामारीत भीतीने आपल्या सर्वांनाच गोळ्यांच्या दुकानांकडे ढकलले. त्या भीतीला आम्ही हसणार नाही. ज्या घरांतून माणसे गेली त्या घरांची प्रेतयात्रासुद्धा धड निघाली नव्हती. परंतु २०२१ मध्ये अमेरिकेत घरीच उपचार घेणाऱ्या कोविडच्या २१४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दिवसाला ८००० मिलिग्रॅम देऊनही लक्षणे लक्षणीय लवकर ओसरली नाहीत. २०२२ मध्ये जंतुदोषाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांना शिरेतून मोठ्या मात्रा दिलेल्या एका चाचणीत तर अशी मात्रा मिळालेल्यांची स्थिती न मिळालेल्यांपेक्षा काहीशी वाईट ठरली.

शरीर स्वतःच हिशोब ठेवते. २०० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा ते जवळजवळ पूर्ण शोषून घेते, १००० मिलिग्रॅमच्या पुढे निम्म्याहून कमी, आणि जास्तीचे लघवीवाटे निघून जाते. ते नेहमीच निरुपद्रवीपणे जाते असेही नाही. स्वीडनमधील तेवीस हजारांहून अधिक पुरुषांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या गोळ्या घेणाऱ्यांत मूतखड्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे, मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा थॅलेसेमियामुळे ज्यांच्या शरीरात लोह साठते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा गोळ्या घेऊ नयेत.

अभाव आहे तो कोठे?

मग गोळी कोणासाठी? इतिहासाचे उत्तर सरळ आहे. ज्याच्या ताटात ताजे काही नाही त्याच्यासाठी. आणि असे ताट आता जहाजावर शोधायला नको. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत साठ वर्षांवरील पाच हजारांहून अधिक भारतीयांचे रक्त तपासले गेले. उत्तरेकडील केंद्रात सुमारे ७४ टक्के आणि दक्षिणेकडील केंद्रात सुमारे ४६ टक्के वृद्धांत 'क' जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. गरिबी, कुपोषण, तंबाखू आणि चुलीचा धूर यांच्याशी तिचा संबंध दिसून आला. धूर आणि तंबाखू शरीरातले हे जीवनसत्त्व लवकर खर्च करतात.

आजाऱ्यांना कम्युनियन घेऊन जाताना आम्हांला जी घरे दिसतात ती या आकड्यांपासून फार निराळी नाहीत. मुले परगावी किंवा आखाती देशांत, घरी एकटी आई. दात गेलेले, म्हणून पेरू चावत नाही. एकटीसाठी भाजी कोण शिजवील, म्हणून सकाळी चहा-पाव, दुपारी भात आणि सुक्या मासळीचे तोंडीलावणे, मध्येच मिश्री. सुके मासे पौष्टिक आहेत, त्यांत प्रथिने आहेत, पण 'क' जीवनसत्त्व त्यांत तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. अशा घरी परदेशातून गोळ्यांची बाटली येते तीही बहुधा नातवंडांसाठी असते. जिथे पेरू, संत्री आणि भाजी रोज आहे तिथे बाटली आहे, आणि जिथे अभाव आहे तिथे ती नाही.

दुसरी गोष्ट आमच्या माता-भगिनींच्या पंडुरोगाची. पालेभाजी व डाळीतले लोह शरीराला सहजी घेता येत नाही. त्याच घासाबरोबर 'क' जीवनसत्त्व असेल तर ते अधिक शोषले जाते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. वरणावर पानात पिळलेली लिंबाची फोड हा केवळ चवीचा प्रकार नव्हे. मात्र ती फोड शिजत्या भांड्यात न पिळता ताटात पिळावी, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते. भाजी चिरून फार वेळ पाण्यात ठेवली तरी ते पाण्यात उतरून जाते.

म्हणून विचारणाऱ्यांना आमचे सांगणे इतकेच. घरात रोज ताजे फळ व हिरवी भाजी असेल तर गोळीवर खर्च होणारा पैसा पेरूच्या टोपलीवर खर्च करावा, आवळ्याच्या दिवसांत आवळा आणावा, दारात शेवग्याचे झाड असेल तर त्याचा पाला खुडावा, आठवड्यातून दोनदा कडधान्यांना मोड आणावेत. दात नसलेल्यांना पेरू किसून किंवा पपई कुस्करून द्यावी. हिरड्यांतून रक्त येणे, जखम लवकर न भरणे, अंगावर निळसर डाग उमटणे ही लक्षणे वृद्धांत दिसली तर ती म्हातारपणाच्या खाती न टाकता डॉक्टरांना दाखवावीत. त्यांनी गोळी दिली तर ती निःशंकपणे घ्यावी, कारण तेव्हा ती खरे औषध असते.

आणि बोट दहा दिवसांसाठी दर्यावर जाताना बर्फ, डिझेल, तांदूळ, मीठ यांच्याबरोबर लिंबे, हिरव्या मिरच्या आणि भिजवायला मूठभर मूग चढले आहेत की नाहीत, हे पाहणारे कोणीतरी किनाऱ्यावर असावे.